मंजुरी मार्चची, फुलोरा श्रावणाचा

गौरी-गणपतींचं विसर्जन झालं, पाहुणे पांगले. पुण्याचे काका-काकू तेवढे मागे राहिले होते. मी पहाटे सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जाऊन आले होते आणि पडवीत बसून प्रेसमधले कागद बदलत होते. आमची प्रेस म्हणजे दोन लाकडी जाळ्या, त्यांच्यामध्ये वर्तमानपत्रांचे थर, थरांमध्ये पसरलेली झाडं आणि वरून आवळलेले दोन पट्टे. पावसाळ्यात हे कागद रोज बदलावे लागतात. एक दिवस चुकला तर नमुन्यावर बुरशी धरते आणि सगळी पायपीट वाया जाते. गेंदाची पांढरी बोंडं, सीतेची आसवं, दोन-तीन जातींची गवतं असं सगळं त्या दिवशी प्रेसमध्ये होतं.

काकांनी चौतीस वर्षं एका विद्यापीठाच्या लेखा विभागात काढली आणि लेखाधिकारी म्हणून ते निवृत्त झाले. मी कोकणातल्या एका अनुदानित महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राची सहायक प्राध्यापक आहे. रुजू होऊन मला तिसरं वर्ष लागलंय. काका बराच वेळ माझे हात बघत बसले होते. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला आणि पुढचे दोन तास आमचं त्यावरच चाललं. जे बोलणं झालं ते जवळपास तसंच इथे मांडते आहे. प्रश्न माझ्या एकटीचा नाही.

काका : या कामाचे पैसे कोण देतं गं तुला?

मी : कोणी नाही. पेट्रोल माझं, पट्टे माझे, वर्तमानपत्रं शेजारच्यांची. डीएनएच्या तपासणीला नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवते, त्याचं बिलही मीच भरते.

काका : रागावू नकोस, पण थोडं रोखठोक बोलतो. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे तुझं मूळ वेतनच ५७,७०० पासून सुरू झालं. वर महागाई भत्ता. एवढा पगार आपल्या गावात किती जणांना मिळतो? थोडा खर्च स्वतःच्या कामासाठी केला तर बिघडलं कुठे?

मी : पगाराबद्दल माझी तक्रार नाही, काका. पण सहा वर्षं मी तासिका तत्त्वावर शिकवलं. कॉलेजला सुट्टी लागली की मिळकतही बंद व्हायची. राज्यानं नोव्हेंबर २०२१ मध्ये २०८८ पदं भरायला मान्यता दिली, त्यातलं एक मला मिळालं. तोवर पस्तिशी उलटून गेली होती. पीएच.डी.चं कर्ज, घराचे हप्ते, आईचं औषधपाणी हे सगळं या पगारावरच सुरू झालं. आणि मुद्दा माझ्या ऐपतीचा नाहीच. जिल्हाधिकारी कचेरीतला अधिकारी सर्वेक्षणाला निघतो तेव्हा डिझेल स्वतःच्या खिशातून भरतो का? संशोधन हे माझ्या नोकरीचं काम आहे. पदोन्नतीला ते मोजतात, कॉलेजचं मूल्यांकन करणारी ‘नॅक’ची समिती आली की ते मोजते. जे काम मोजलं जातं, त्याचा खर्च कुठेतरी धरलेला असायला नको का?

काका : धरलेला होता. लघु संशोधन प्रकल्पांचे दिवस मी अगदी जवळून पाहिलेत. पुण्यात विद्यापीठ अनुदान आयोगाचं पश्चिम विभागीय कार्यालय होतं, तिथून कॉलेजच्या शिक्षकांना हे प्रकल्प मिळायचे. बाराव्या पंचवार्षिक योजनेत विज्ञानाच्या प्रकल्पाला पाच लाखांपर्यंत मर्यादा होती, सामाजिक शास्त्रांना आणि भाषांना तीन लाखांपर्यंत. आता त्या पैशांचं काय झालं तेही ऐक. एकदा मी एका कॉलेजात साठा पडताळणीला गेलो होतो. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये मायक्रोस्कोपची नोंद होती, तारीख होती, किंमत होती. मायक्रोस्कोप कुठे आहे म्हणून विचारलं, तर कपाट उघडून दाखवलं. कारखान्यातून आला तसा प्लास्टिकच्या पिशवीत. प्रकल्प संपून चार वर्षं झाली होती. प्रकल्पाचा अहवाल मात्र देखणा, सोनेरी अक्षरांत बांधलेला. असे अहवाल कपाटांत रचून ठेवलेले होते आणि कोणी उघडून बघत नव्हतं. लोकांच्या पैशाचं असं होताना पाहिलं की माणूस कडक होतोच.

मी : मायक्रोस्कोप पिशवीत राहिला ही त्या माणसाची चूक, मान्य. पण तुम्ही मोजलंत ते पिशवीतलं यंत्र. वापरून झिजलेली यंत्रं कोण मोजतं? मी एस.वाय.ला असताना आमच्या सरांना असाच एक लघु प्रकल्प मिळाला होता. रक्कम फार नव्हती. त्यातून त्यांनी गाडी भाड्यानं घेतली आणि आम्हा आठ जणांना चार रविवार सड्यांवर नेलं. दीपकाडी मी पहिल्यांदा तिथे पाहिली. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कातळावर, पहिल्या पावसानंतर उगवणारं ते पांढरं फूल जगात इतरत्र फारसं कुठे सापडत नाही, हे सरांनी चिखलात उकिडवं बसून सांगितलं. त्या आठ जणांपैकी दोघं आज वनस्पतिशास्त्र शिकवतात. त्यांतली एक मी. सरांच्या अहवालात याची नोंद कुठल्या रकान्यात झाली असेल?

काका : अशी नोंद होत नाही, खरं आहे. पण अशा गोष्टींच्या आधारावर सरकार पैसा कसा वाटणार? सरकारला काहीतरी मोजमाप लागतं.

मी : मोजमाप लागतं म्हणून काय मोजलं, तेही बघा ना. पदोन्नतीसाठी गुण ठेवले, गुणांसाठी शोधनिबंध मोजले. मग पैसे भरले की आठवड्यात छापून देणारी नियतकालिकं उगवली. ती रोखायला आयोगानं विश्वासार्ह नियतकालिकांची ‘केअर’ यादी काढली, तिचं काम आपल्या पुणे विद्यापीठातच चालायचं. २०२५ च्या फेब्रुवारीत ती यादीही बंद केल्याचं आयोगानं जाहीर केलं. नव्या शिक्षकाला चांगलं काम करायला पैसा आणि वेळ दिला नाही आणि छापून आणायची सक्ती मात्र केली, म्हणून ती दुकानं चालली. खिशातून तीन-चार हजार भरून निबंध छापणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांतले बरेच जण मुळात खोटे नव्हते, कोंडीत सापडले होते.

काका काही वेळ गप्प बसले. मी ओले कागद काढून पडवीतल्या दोरीवर टाकले. त्यांनी उठून कोरड्या कागदांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला आणि पुढचा मुद्दा काढला.

काका : बरं, वाटपाची पद्धत चुकली असं धरू. पण आता दिशा बदलली आहे ना? थोडं थोडं सगळ्यांना देण्यापेक्षा ज्याच्यात दम आहे त्याला भरपूर द्यायचं. २०२३ च्या कायद्यानं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन उभं राहिलं. त्यांची पंतप्रधानांच्या नावाची नवोदित संशोधकांसाठीची योजना तीन वर्षांसाठी साठ लाखांपर्यंत देते. त्याआधीचं विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ दोन वर्षांना तीस लाख देत होतं. एवढी रक्कम माझ्या काळात कॉलेजच्या शिक्षकानं ऐकलीसुद्धा नव्हती. चांगला प्रस्ताव लिही, स्पर्धेत उतर. तुझ्या कामात दम आहे, हे मला इथे बसून दिसतंय.

मी : उतरले होते. एका राष्ट्रीय योजनेत मी दीड वर्षापूर्वी प्रस्ताव दिला. चाळीस पानं. रात्री अकरानंतर लिहायचे, कारण दिवसा कॉलेज असायचं. परीक्षकांचा शेरा आला, की विषय चांगला आहे, पण संस्थेत पायाभूत सुविधा अपुऱ्या आहेत. आता सांगा, सुविधा नाहीत म्हणून पैसा नाही आणि पैसा नाही म्हणून सुविधा नाहीत. ही गाठ मी कुठून सोडवायची?

काका : परीक्षकाचंही म्हणणं चूक नाही. साठ लाख द्यायचे तर ते पेलणारी जागा हवी.

मी : बरोबर आहे त्याचं. म्हणूनच मी म्हणते की पहिला पैसा स्पर्धेतून द्यायचा नसतो. आयआयटीत किंवा आयसरमध्ये माझ्याच वयाचा माणूस रुजू होतो, तेव्हा संस्थाच त्याला बीजनिधी देते. त्याला प्रयोगशाळेची जागा मिळते, खरेदी विभाग असतो, प्रस्तावातली चूक दाखवणारे दहा सहकारी शेजारच्या खोल्यांत असतात. तो स्पर्धेत उतरतो तोवर त्याच्याजवळ सुरुवातीचे निष्कर्ष तयार असतात. मी त्याच स्पर्धेत उतरते तेव्हा माझ्या कॉलेजात संशोधनासाठी एक कपाट आणि एक कारकून आहे. तो कारकून शिष्यवृत्त्यांचे अर्जही बघतो. गुणवत्तेची परीक्षा जरूर घ्या, पण सुरुवातीची शिदोरी दोघांनाही द्या.

काका : आयोगाची डॉ. दौलतसिंग कोठारींच्या नावाची योजना आहे की. नव्यानं नेमलेल्या प्राध्यापकांसाठीच आहे ती. दहा लाख रुपये, मुदत दोन वर्षं.

मी : आहे. २०२२ च्या शिक्षक दिनी ती जाहीर झाली. संख्या आठवते तुम्हाला? १३२. साऱ्या देशात मिळून १३२ जण. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशातली महाविद्यालयं ४५,४७३ आहेत आणि उच्च शिक्षणातले शिक्षक सुमारे सोळा लाख. महाराष्ट्रातलीच महाविद्यालयं ४,६९२. योजनेला मी नावं ठेवत नाही. कोठारींच्या नावाला ती शोभते, ते आयोगाचे अध्यक्ष होते आणि १९६४ ते ६६ च्या शिक्षण आयोगाचेही. पण नव्या शिक्षकाला आधार म्हणून १३२ हा आकडा पुरा पडत नाही, हे कळायला लेखाधिकारी असावं लागत नाही.

काका : विद्यापीठंही देतात. मुंबई विद्यापीठ संलग्न महाविद्यालयांतल्या शिक्षकांना लघु प्रकल्पांसाठी पैसे देतं. पुणे विद्यापीठात बीसीयूडी या विकास मंडळाच्या काळापासून अशी योजना होती.

मी : देतात आणि त्या योजनांनी अनेकांना उभं केलं, हे मी कृतज्ञतेनंच म्हणते. आता माझा अनुभव सांगते. संस्थेचं नाव राहू दे. मागच्या वर्षी एका ठिकाणाहून मला चाळीस हजार मंजूर झाले. अर्ज जुलैमध्ये केला होता, मंजुरीचं पत्र फेब्रुवारीच्या शेवटी आलं. पैसे कॉलेजच्या खात्यात जमा झाले १४ मार्चला. पत्रात अट होती, ३१ मार्चपर्यंत खर्च करून चार्टर्ड अकाउंटंटच्या सहीचं उपयोगिता प्रमाणपत्र पाठवावं. काका, तुम्ही आमच्या सड्यावर मार्चमध्ये कधी गेला आहात?

काका : मार्चमध्ये? नाही. तिथे असतं काय तेव्हा?

मी : काहीच नसतं. काळा तापलेला कातळ आणि वाळलेलं गवत. माझी झाडं जूनमध्ये उगवतात, श्रावण-भाद्रपदात फुलतात आणि ऑक्टोबर संपेपर्यंत बी टाकून मरतात. सगळं आयुष्य साडेचार महिन्यांचं. मला पैसे मिळाले ते सड्यावर पाहण्यासारखं काही नसताना, आणि सतरा दिवसांत संपवायला सांगितले. मग काय करणार? तीन कोटेशनं गोळा केली, रसायनं घेतली, कागद घेतले, काचसामान घेतलं. प्रवासाला एक रुपया वापरता आला नाही. उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत गेलं, हिशोब चोख होता, तुमच्यासारख्या कुणी तपासला असता तर एक चूक सापडली नसती. आणि सड्यावरचं काम त्या पैशानं एक पाऊलही पुढे गेलं नाही.

इथे काका पहिल्यांदा माझ्या बाजूनं बोलले. पण मन वळलेल्या माणसाचा आवाज नव्हता तो. एखादी नोंद चुकीच्या रकान्यात गेलेली दिसावी, तशी ती अस्वस्थता होती.

काका : हे मी टेबलाच्या पलीकडून पाहिलंय. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याकडे फायलींचा ढीग लागायचा. वरून पैसा उशिरा यायचा, म्हणून आम्ही उशिरा सोडायचो, आणि न खर्चलेली रक्कम परत जाणार या धाकानं सगळे मार्चअखेर खरेदी करायचे. पिशवीतला तो मायक्रोस्कोप... बिलाची तारीख २८ मार्च होती. आत्ता तू बोलल्यावर आठवलं. मी त्या माणसाला आळशी ठरवून मोकळा झालो होतो. कदाचित त्याला त्या घडीला मायक्रोस्कोप नकोच असेल, मार्चमध्ये दुसरं काही घेता येत नव्हतं एवढंच.

मी : मी तेच म्हणतेय.

काका : पण म्हणून नियम काढून टाका असं म्हणशील तर मी मानणार नाही. तीन कोटेशनांची अट कुणाला छळायला केलेली नाही. मेव्हण्याच्या दुकानातून दुप्पट भावानं घेतलेली काचेची भांडी मी पकडलेली आहेत.

मी : नियम ठेवा. रकमेच्या मानानं ठेवा. साठ लाखांना जी चाळणी, तीच चाळीस हजारांना कशाला? आणि शिल्लक रक्कम पुढच्या वर्षात नेऊ द्या. एवढं एक केलं तरी मार्चची धावपळ थांबेल.

काका : शिल्लक पुढे नेता यावी, हे मला पटतं. तेवढं लिहून घे.

मी लिहून घेतलं. काकूंनी चहा आणि उरलेल्या करंज्या आणून ठेवल्या. चहा घेताना काकांनी एक आठवण सांगितली. मला वाटतं, आमच्या सबंध बोलण्याचा कणा तीच होती.

काका : आमच्या गणेशखिंडीत १९८८ साली आयोगानं आयुका या खगोलशास्त्राच्या केंद्राची स्थापना केली. जयंतराव नारळीकर मुंबईची टीआयएफआर सोडून तिथे आले. त्यांनी सुरुवातीपासून एक गोष्ट केली. देशभरातल्या विद्यापीठांतले आणि कॉलेजांतले शिक्षक निवडून त्यांना तीन-तीन वर्षांसाठी सहयोगी म्हणून जोडून घेतलं. त्या मुदतीत शिक्षकानं सवडीनं यायचं, राहायचं, ग्रंथालय आणि संगणक वापरायचा, तिथल्या लोकांबरोबर काम करायचं. प्रवास आणि राहणं आयुकाकडे. मे महिन्यात संध्याकाळी मी फिरायला जायचो तेव्हा हे लोक दिसायचे. आसामचे, केरळचे, आपल्या मराठवाड्याचे. साध्या पिशव्या घेऊन आलेले, झाडाखाली उभे राहून तास-तासभर बोलणारे. माझ्यातला लेखाधिकारी तेव्हाही हिशोब करायचा. माणशी खर्च किती? रेल्वेचं तिकीट आणि खोली. तेवढ्यावर ज्यांच्या कॉलेजात एक साधी दुर्बीण नव्हती, असे लोक खगोलशास्त्रात काम करत होते.

मी : मग हाच तर माझा मुद्दा झाला!

काका : नाही, हा माझा मुद्दा आहे. पैसा वाटण्यापेक्षा दार उघडा. प्रत्येक कॉलेजात प्रयोगशाळा बांधायची गरज नाही. पुण्यात भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचं पश्चिम क्षेत्रीय केंद्र आहे, आघारकर संस्था आहे, मुंबईत झेवियर्समध्ये ब्लॅटर हर्बेरियम आहे. तू तिथे जाऊन तुझे नमुने ताडून बघू शकतेस. राज्य विद्यापीठांतल्या शिक्षकांसाठी ‘टेअर’ नावाची योजना आली होती. शिक्षकानं वर्षातले किमान नव्वद दिवस जवळच्या मोठ्या संस्थेत संशोधन करायचं. संशोधनासाठी वर्षाला पाच लाख, ते दोन्ही संस्थांत निम्मे-निम्मे, शिवाय शिक्षकाला वर्षाला साठ हजार. या योजनेत मला शहाणपण दिसलं होतं.

मी : दार उघडं आहे, हे मलाही दिसतं. ब्लॅटरमध्ये मी गेले आहे. दीडशे वर्षांपूर्वीपर्यंतचे नमुने हातात घेऊन पाहता येतात, तिथली माणसं आपुलकीनं दाखवतात. पण त्या दारापर्यंत जायला दिवस कुठून आणू? आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकानं आठवड्याला सोळा तास शिकवायचं. ते मला आवडतं. पण त्याशिवाय प्रवेशाचं काम, परीक्षेचं काम, ‘नॅक’ची माहिती, नव्या शैक्षणिक धोरणाचे नवे अभ्यासक्रम, शिवाय निवडणूक आली की निवडणुकीचं काम. नव्वद दिवस बाहेर गेले तर माझे तास कोण घेणार? आमच्या विभागात तीन पदं मंजूर आहेत आणि भरलेली एकच आहे, ती मी.

काका : पूर्वी आयोगाची शिक्षक अधिछात्रवृत्ती होती. शिक्षक पीएच.डी.साठी पूर्ण पगारावर रजेवर जायचा आणि त्याच्या जागी येणाऱ्या शिक्षकाचा पगार आयोग द्यायचा.

मी : माझ्या मते नव्या शिक्षकासाठी इतकी चांगली योजना दुसरी झाली नाही. कारण त्यात शिक्षकाला वेळ मिळायचा, आणि तरीही वर्गातली मुलं वाऱ्यावर पडत नव्हती. आज प्रशिक्षणं पुष्कळ आहेत. तुमच्या काळचं अकॅडमिक स्टाफ कॉलेज आधी एचआरडीसी झालं, २०२३ पासून मालवीय मिशनचं केंद्र झालं. महिन्याभराचा प्रारंभिक वर्ग मी केला, त्यातून खरंच शिकले. पण शिकलेलं करून पाहायला परत आलं की तेच सोळा तास आणि तेच रिकामं कपाट.

काकांनी चष्मा पुसला आणि माझ्या क्षेत्रभेटीच्या वहीतलं मागचं पान मागून घेतलं. निवृत्तीनंतर बारा वर्षांनीही त्यांचा आकड्यांवरचा हात सुटलेला नाही.

काका : थांब. तू म्हणतेस वेळ हवा. किती हवा ते सांग. लेखाधिकाऱ्याला ‘थोडा’ चालत नाही.

मी : आठवड्याला चार तास कमी करा. सोळाचे बारा. आणि ते चार तास एकाच दिवशीचे असू द्या, म्हणजे एक अख्खा दिवस सड्याला मिळेल.

काका : चार तास दुसऱ्या कुणीतरी घ्यायचे. २०२३ पासून पदवीच्या थिअरीच्या तासाला तासिका तत्त्वावर ९०० रुपये. चार तासांचे ३,६००. शिकवण्याचे आठवडे वर्षाला तीस. म्हणजे १,०८,०००. तीन वर्षांचे ३,२४,०००.

मी : तासिका तत्त्वावर आणखी माणसं राबवायची, हे मात्र मला बोचतं. मी त्यातून आले आहे. रिकामी पदं भरणं हाच खरा उपाय आहे.

काका : कबूल. पदं भरेपर्यंतचा हिशोब म्हणून धर. आता कामाचा पैसा. तुला वर्षाला किती लागतील?

मी : एक लाख. प्रवास, डीएनएच्या तपासण्या, मुलांना बरोबर न्यायचं भाडं, वर्षातून दोनदा पुण्याला किंवा मुंबईला जाऊन राहणं. इतिहासाच्या किंवा मराठीच्या शिक्षकाला याहून कमी पुरेल. त्याला दप्तरखान्यात जायचं असतं, जुन्या कागदांच्या प्रती काढायच्या असतात.

काका : तीन वर्षांचे तीन लाख धरू. वेळ आणि पैसा मिळून एका शिक्षकामागे ६,२४,०००. साठ लाखांचा एक मोठा प्रकल्प म्हणजे असे नऊ ते दहा शिक्षक. तुझ्याबरोबरच्या सगळ्या २०८८ जणांना द्यायचं म्हटलं तर... १३० कोटी २९ लाख. तीन वर्षांत मिळून. वर्षाला त्रेचाळीस-चव्वेचाळीस कोटी.

ते त्या आकड्याकडे बघत राहिले. मीही बघत राहिले. ही रक्कम वर्षाला शेकडो कोटींत जाईल असं आम्हा दोघांनाही वाटलं होतं.

काका : राज्याच्या अर्थसंकल्पात ही रक्कम मोठी नाही. पण माझ्या अटी आहेत.

मी : सांगा.

काका : पहिली अट, दोन पानांची योजना आधी लिहून द्यायची. दुसरी, वर्षाअखेर एक पान हिशोब आणि एक पान काम, दोन्ही कॉलेजच्या संकेतस्थळावर, कुणालाही वाचता येईल असं. तिसरी, तीन वर्षांनंतर हा निधी बंद. पुढे ज्याला हवं त्यानं साठ लाखांच्या स्पर्धेत उतरायचं. जन्मभर बोट धरून चालवायचं नाही.

मी : तिन्ही मान्य. माझ्याही दोन. रुजू झाल्यापासून तीन महिन्यांत पहिली रक्कम हातात पडली पाहिजे आणि ती वेगळ्या अर्जाविना, नेमणुकीच्या पत्राबरोबरच ठरलेली असली पाहिजे. दुसरी, पहिल्या तीन वर्षांत छापील निबंधांची संख्या मोजायची नाही. मी हर्बेरियमला दोनशे नमुने नीट जमा केले, चार मुलं सड्यावर काम करायला शिकली, तर ते काम धरा.

काका : आणि काहीच केलं नाही कुणी तर? पैसा वसूल करायचा.

मी : वसुलीचा धाक आला की माणसं पुन्हा मार्चमध्ये रसायनं विकत घेऊन हिशोब जुळवतील. काही केलं नाही तर पुढची रक्कम देऊ नका आणि तसं उघड लिहा. तेवढं पुरे.

काका : ते मला पटलेलं नाही. लोकांचा पैसा आहे.

मी : आणि मला वसुली पटलेली नाही. दहातल्या दोघांचे पैसे वाया जातील म्हणून उरलेल्या आठांना कोरडं ठेवायचं, हा हिशोब आपण आजवर करत आलो. त्यात त्या आठांचीही उमेद सरते. माझ्याबरोबर लागलेल्या तिघांनी संशोधनाचा नाद सोडला आहे. पदोन्नतीपुरतं करू म्हणतात. ते मुळात तसे नव्हते, काका. पहिल्या दोन-तीन वर्षांत जे हाताला लागतं ते लागतं, मग माणूस वेळापत्रकात जिरून जातो.

वसुलीच्या मुद्द्यावर आमचं शेवटपर्यंत जुळलं नाही, आणि जुळलं असं मी इथे लिहिणार नाही. काकांनी चौतीस वर्षं लोकांचा पैसा राखला. त्यांची काळजी खरी आहे, तिची मला किंमत आहे. पण दोन टोकांना बसलेल्या आम्हा दोघांचं बाकी सगळ्यावर एकमत झालं. नव्या शिक्षकाला पहिला आधार स्पर्धेतून नव्हे, नेमणुकीबरोबर मिळावा. रक्कम लहान चालेल, पण ती वेळेवर यावी आणि तिच्याबरोबर आठवड्याचा एक मोकळा दिवस यावा. शिल्लक रक्कम ३१ मार्चला परत जाऊ नये. मोठ्या संस्थांची दारं उघडी असावीत आणि तिथे जाण्यासाठी शिक्षकाला हक्काची सुट्टी असावी.

यातल्या बऱ्याच गोष्टींसाठी दिल्लीकडे बघायची गरज नाही. शिल्लक पुढे नेऊ देणं, जुलैच्या अर्जाला ऑगस्टमध्ये उत्तर देणं, नव्या शिक्षकाच्या वेळापत्रकात एक दिवस मोकळा ठेवणं, छोट्या रकमेचा हिशोब एका पानावर घेणं, एवढं तरी विद्यापीठाची व्यवस्थापन परिषद आणि कॉलेजचे प्राचार्य ठरवू शकतात. तुम्ही अधिसभेवर असाल, एखाद्या शिक्षणसंस्थेच्या कार्यकारिणीवर असाल, तर येत्या अर्थसंकल्पाच्या बैठकीत एवढा एकच विषय मांडा, की यंदा आपल्याकडे जे नवे शिक्षक रुजू झाले, त्यांना काम सुरू करायला आपण काय दिलं? आणि तुमची मुलगी किंवा मुलगा अशा कॉलेजात शिकत असेल, तर प्राचार्यांना हा प्रश्न तुम्हीही विचारू शकता. त्या शिक्षकाला जे मिळतं तेच पुढे तुमच्या मुलांपर्यंत पोचतं.

सड्यावरचा फुलोरा अजून महिनाभर टिकेल. आकडेमोडीचं ते पान मी वहीतून फाडलेलं नाही. जाताना काकांनी त्याखाली सही करून तारीख घातली आहे.